देशील का?

आपण शिवादादाला किडनी देणार आहोत, हे सुगंधाला हौसाकाकूकडून कळलं.

संध्याकाळच्या एस्टीतून उतरून ती पालीच्या पुढच्या फाट्यावरून वाडीकडे चालली होती. भातकापणीचे दिवस होते. हौसाकाकू शेतातून भारा घेऊन येत होती. सुगंधाला पाहताच तिनं भारा वाटेकडेच्या दगडी गडग्यावर टेकवला, पदराला हात पुसले, तिच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"पुण्य करतेस हो बाय," ती म्हणाली. "अशी भैन सगळ्यांना मिळो."

सुगंधाला आधी काही उमगलं नाही. मग काकूच्या बोलण्यातून एकेक गोष्ट बाहेर आली. दुपारी थोरले काका आले होते. ओटीवर बसून सगळ्यांनी विचार केला. आईला साखरेचा आजार, तिची किडनी चालणार नाही. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. धाकट्या सदूचा जुळतो, पण त्याचा गल्फचा व्हिसा आलेला, आणि शेवटी तो मुलगा, त्याच्यावर घर चालायचं. राहिली सुगंधा. 'सुगंधा देणार आहे,' असं काका उठताना म्हणाले, आणि दिवेलागणीच्या आत ते वाडीभर झालं.

घरी आई चुलीपुढे होती. तिनं ताट वाढलं, कुळथाची पिठी वाढली, आणि सुगंधाचं जेवण अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, "पुढल्या आठवड्यात मुंबैला जायचं हाय, तपासाय. शेटजीकडं सुट्टी माग." एवढंच. सुगंधानं मान हलवली आणि उरलेला भात संपवला.

ते दोन हजार चार साल होतं. सुगंधा तेवीस वर्षांची होती. वडील वारले तेव्हा ती चौथीत होती आणि शिवा दहावीत. तो परीक्षा अर्धी सोडून मुंबईला गेला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला आणि तिथून घर चालवू लागला. सुगंधाला कॉलेजात त्यानंच घातलं. 'पोरगी आहे, बारावी पुरे' असं काका म्हणाले होते, तेव्हा शिवा खास रजा काढून गावी आला होता. काकांशी तो भांडला नाही. सकाळी उठून सुगंधाला बरोबर घेऊन रत्नागिरीला गेला आणि तिचं नाव घालून आला. असा भाऊ. गेल्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले, दम लागायला लागला, आणि तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं निघालं. तेव्हापासून एक दिवसाआड त्याला मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागत होतं.

म्हणून सुगंधाच्या मनात 'नाही' आलंच नाही. आली ती भीती. आंघोळ करताना ती कुशीवर हात ठेवून बघायची, इथून कापतील का, की मागून. मंडणगडच्या एका शिक्षकाशी तिची सोयरीक जवळजवळ ठरत आली होती. त्याला तिनं एकदाच पाहिलं होतं. तो चहा पिताना बशी धरून बसला होता आणि तिच्याकडे बघायचं सोडून बशीकडेच बघत होता, हे तिला आवडलं होतं. किडनीची बातमी त्याच्या घरी पोचली आणि मध्यस्थानं निरोप आणला की पत्रिका पुन्हा पाहिली, जमत नाही. आईनं तो निरोप ऐकला आणि सुपातलं भात निवडत राहिली.

सुगंधा रत्नागिरीत फारुकशेठच्या तिकिटांच्या ऑफिसात कामाला होती. आखातात जाणाऱ्या माणसांची विमानाची तिकिटं, पासपोर्टची धावपळ, एजन्सीचे फोन असं ते काम. वर्षभरापूर्वी तिच्या हातून तिथे एक चूक झाली होती. राजिवड्याच्या एका माणसाचा पासपोर्ट वेळेत आला नव्हता, म्हणून तो ठरल्या तारखेला जाऊ शकणार नव्हता. एजन्सीचा फोन आला तेव्हा सुगंधानं मनातल्या मनात मराठी जुळवलं, 'तो जाणार नाही', आणि इंग्रजीत सांगून टाकलं, "ही विल नॉट गो." पलीकडच्यांनी ऐकलं की माणूस जायला तयार नाही, नकार देतोय. त्यांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली. फारुकशेठ चिडले नाहीत, पण त्या माणसाला बरेच महिने घरी बसावं लागलं, आणि सुगंधा त्याच्या घरी माफी मागायला गेली तेव्हा त्याच्या बायकोनं तिला आत बोलावलं नाही. त्यानंतर शेठनी तिला सुरय्या मॅडमकडे इंग्रजीच्या क्लासला घातलं.

सुरय्या मॅडम साठीच्या आसपासच्या होत्या. सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली होती. नवरा बोटीवर होता, तो वारून पुष्कळ वर्षं झाली होती, आणि आता त्या खाडीच्या बाजूला उतारावरच्या आपल्या घरात क्लास घेत. गल्फला निघालेली पोरं, हॉटेलात नोकरी शोधणाऱ्या मुली, एक-दोन नर्सा. सुगंधानं पहिल्याच दिवशी आपली चूक त्यांना सांगितली होती. त्या म्हणाल्या होत्या, "बेटा, तू सांगायला गेलीस उद्याचं, आणि त्यांना ऐकू आलं त्याच्या मनातलं. 'विल'मध्ये दोन्ही राहतात, उद्याही आणि मर्जीही. ऐन वेळी कोण तोंड वर काढेल ते सांगता येत नाही." मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'द डोअर वोन्ट ओपन', आणि मुलांना याचं मराठी करायला सांगितलं. कोणी म्हणालं दार उघडणार नाही, कोणी म्हणालं उघडत नाही. मॅडम म्हणाल्या, "नाही. दार उघडेना. आपल्याकडेही आहे की. पोर झोपेना, गाडी हलेना, काट्यानं काटा निघेना. दाराला मन नसतं, पण आपण हैराण झालो की त्यालाही मन देतो आणि म्हणतो, ते ऐकेना."

हौसाकाकूची भेट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये 'गोइंग टू' चाललं होतं. जे आधीच ठरून गेलंय, त्याच्यासाठी हे रूप, असं मॅडमनी समजावलं, आणि प्रत्येकाला आपापलं खरं वाक्य करायला लावलं. वाक्य झालं की त्या विचारायच्या, "कोणी ठरवलं?" त्याचंही उत्तर इंग्रजीतच द्यायचं. एक मुलगा दापोलीला मामाकडे जाणार होता. मामानं ठरवलं होतं. एका नर्सला घर बदलायचं होतं. घरमालकानं ठरवलं होतं, त्यावर सगळे हसले. सुगंधाची पाळी आली. दुसरं कुठलं वाक्य तिला सुचेना.

"आय ॲम गोइंग टू गिव्ह माय किडनी टू माय ब्रदर."

वाक्य बिनचूक होतं. मॅडमच्या तोंडून सवयीनं पुढचा प्रश्न निघून गेला, "कोणी ठरवलं?" आणि विचारल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. सुगंधा उभीच होती. माय अंकल, असं ती म्हणाली, मग माय मदर म्हणाली, मग खाली बसली. मॅडमनी तास लवकर सोडला. दाराशी त्यांनी सुगंधाच्या खांद्यावर हात ठेवला. रात्र व्हायच्या आत घरी पोच, एवढंच त्या म्हणाल्या.

मुंबईला तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, फोटो, पुन्हा रक्त. सगळं जुळलं. शेवटी एक डॉक्टर बाई तिला एकटीला आत घेऊन बसल्या. देणाऱ्याशी एकट्यानं बोलायचं, घरचं कोणी हजर नको, असा तिथला नियम होता. बाई केरळकडच्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं आणि हिंदीही तुटक. त्यांनी विचारलं, इंग्रजी चालेल का. सुगंधा म्हणाली, थोडं थोडं.

बाईंनी आधी धोके समजावले. मग विचारलं, "विल यू गिव्ह हिम युवर किडनी?"

"यस, मॅडम. आय ॲम गोइंग टू गिव्ह."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आय नो इट इज डिसायडेड," त्या सावकाश म्हणाल्या. "आय ॲम आस्किंग यू. विल यू?"

सुगंधाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण ऐकू आलं होतं. काका, आई, हौसाकाकू, मध्यस्थ, एस्टीतल्या बायका, फारुकशेठसुद्धा, सगळे तिच्याशी या गोष्टीबद्दल बोलले होते. हा प्रश्न मात्र तिला आजवर कोणी विचारला नव्हता. आणि विचारल्याबरोबर तिच्या ध्यानात आलं की याचं उत्तर तिच्यापाशी नाही. ती खोलीतल्या हात धुवायच्या भांड्याकडे बघत बसली. मग तिच्या तोंडून निघालं, "नोबडी आस्क्ड मी." आणि थोड्या वेळानं, "आय डोन्ट वॉन्ट."

बाईंना धक्का बसलेला दिसला नाही. अशा मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात. त्या म्हणाल्या की तू घाबरू नकोस, आम्ही घरच्यांना सांगू की तपासणीत बसत नाही, कारण द्यायला आम्ही बांधलेलो नाही. सुगंधानं मान हलवली. बाहेर वहिनी बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला जे सांगायचं ते बाईंनीच सांगितलं.

शिवा मशीनला लावलेला होता. त्याचा चेहरा काळवंडला होता, ओठ सुकले होते. सुगंधा खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे गो. तुझ्या हातात काय होतं?"

गावी परतल्यावर कोणी तिला एका शब्दानं बोललं नाही. उलट सगळे जास्तच मायेनं वागू लागले. पोरीनं तयारी दाखवली, देवानं घेतली नाही, असं वाडीत झालं. हौसाकाकूनं घरचं तूप आणून दिलं. आई तिच्या केसांना तेल लावायला बसली, लहानपणी लावायची तशी, आणि तेल लावता लावता रडली. सुगंधा मान खाली घालून बसून राहिली. तिला जेवण जाईना. ऑफिसात फोन वाजला की हात पुढे होईना.

एक दिवस क्लास संपल्यावर ती उठलीच नाही. बाकीची मुलं गेल्यावर तिनं सुरय्या मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग उठून चहा केला, दोघींच्या पुढे कप ठेवले आणि खाडीकडच्या खिडकीजवळ बसल्या.

"माझ्या निकाहात मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्यात विचारल्याशिवाय निकाह होतच नाही. कबूल आहे का, म्हणून माणसं आत येऊन विचारून गेली. मी कबूल म्हटलं. पण बाहेर जेवणाच्या पंगती बसल्या होत्या, बेटा. नाही म्हणायची वाट कोणी ठेवली नव्हती. तेव्हा विचारलं म्हणजे सगळं झालं असंही नाही."

मग त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले. त्या दिवशी मी तो प्रश्न तुला वर्गात विचारायला नको होता, असं म्हणाल्या. सुगंधा म्हणाली की तुम्ही विचारला नसता तरी डॉक्टरीणबाईंनी विचारलाच असता. पुढे काय करावं हे मॅडमनी सांगितलं नाही आणि सुगंधानंही विचारलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. सदूचं जाण्याचं तिकीट सुगंधानंच ऑफिसातून काढलं होतं. तो जायच्या आधीच्या रविवारी थोरले काका आले, ओटीवर बसले. शिवाची तब्येत उतरत चालली होती. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव घातलं होतं, पण नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक. काका इकडचं तिकडचं बोलत राहिले, मुद्द्यावर कोणी येईना. शेवटी आई माजघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जपून, सदूकडे न बघता तिनं विचारलं, "सदू, तू देशील का रे?"

सुगंधा आत भांडी पुसत होती. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. देशील का. किती हळू विचारलं आईनं. समोरच्याला दुखू नये, त्याला जड जाऊ नये, त्याच्या मनात नसलं तर त्याला मागे सरता यावं, इतकं हळू.

सदू वाईट मुलगा नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, आत्ता नाही गेलो तर व्हिसा जाईल. वर्षभर काम करतो, पैसे पाठवतो, मग येईन, तेव्हा देईन. काकांनी लगेच मान डोलावली. बरोबर आहे, म्हणाले, पोराचं आयुष्य आहे.

सुगंधा वाटी हातात घेऊनच बाहेर आली. तिचा आवाज चढला नाही. "माझं जुळत होतं," ती म्हणाली. "सगळं जुळत होतं. डॉक्टरनी विचारलं देशील का, आणि मी नाही म्हटलं. त्यांनी मला झाकलं."

काकांनी पायात चपला सरकवल्या आणि न बोलता अंगण ओलांडून गेले. सदू खांबाला टेकून राहिला. आई तिच्यासमोर आली. ती मारील असं सुगंधाला वाटलं, पण आईनं हात उचलला नाही.

"का?" आई म्हणाली.

"मला कोणी विचारलं नाय, आये."

"तुला इचारायचं कशाला?" आईला खरंच कळत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "परक्याला इचारतात गो. तुला काय इचारायचं? माझा हात तू. भाकर थापताना मी माझ्या हाताला इचारते काय?"

"सदूला विचारलंस."

आईनं सदूकडे पाहिलं, मग परत सुगंधाकडे. "सदूचा भरवसा नव्हता मला," ती म्हणाली. "तुझा होता."

त्यानंतर आई तिच्याशी बोलायची बंद झाली. भात झोडायचं काम चाललं होतं. दोघी समोरासमोर उभ्या राहून पेंढ्या आपटायच्या, पाखडायच्या, पोती भरायच्या, आणि दिवस मावळेपर्यंत एकमेकींशी एक शब्द बोलायच्या नाहीत. रात्री अंथरुणावर सुगंधा आईचं ते बोलणं पुन्हा पुन्हा मनात फिरवायची. रागावून बघायची, पण राग टिकेना. आई खोटं बोलली नव्हती. तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि तिनं त्यालाच जवळीक मानलं होतं. वडील गेल्यावर सगळी शेती तिच्यावर आली, तेव्हा 'सगुणा, तुला झेपेल का' असं तरी आईला कोणी विचारलं होतं?

सदू गेला. जाताना विमानतळावरून त्यानं शिवाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. हे सुगंधाला शिवाच्या तोंडूनच कळलं, कारण आठवडाभरानं ती एकटीच मुंबईला त्याला भेटायला गेली. घरी तिनं नुसतं सांगितलं, दादाकडे जाते. आईनं तिच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून ठेवली होती. बोलली मात्र नाही.

शिवा मशीनवरून नुकताच सुटला होता. दोघं हॉस्पिटलच्या आवारात, गाड्या लावायच्या जागेशेजारच्या बाकावर बसली. शिवाच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, शीर जोडून फुगवलेली होती, मशीनच्या सुया टोचण्यासाठी. तिच्यावर पट्टी होती.

सुगंधानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "मला ठाऊक आहे. सदूनं सांगितलं." मग म्हणाला, "मीच विचारायला हवं होतं तुला. काकांनी ठरवलं, आईनं कळवलं, आणि मी गप बसलो. मला बरं वाटलं गो. विचारायचं माझ्यावर आलं नाही म्हणून बरं वाटलं."

"का विचारलं नाहीस?"

तो पट्टी चाचपत राहिला. "तुला कॉलेजात घातलं ते आता वसूल करतो, असं वाटलं असतं. तुला नाही, मला. आणि तू नाही म्हणाली असतीस तर? मग तुझ्याकडे बघायचं कसं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटलं."

समोरून एक रिक्षा आली, कोणाला तरी उतरवून गेली. सुगंधा म्हणाली, "मग आता विचार."

"आता नको."

"विचार, दादा."

त्याला बराच वेळ लागला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा जोडणारा, कधी कोणाकडे हात न पसरलेला माणूस तो. सारं बळ एकवटून त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सुगंधा, मला तुझी किडनी देशील का?" आणि लगेच म्हणाला, "आत्ता सांगू नको. नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच चालेल."

ते तो खरं बोलत होता. डोळे खाली गेले नव्हते. सुगंधानं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. पट्टीच्या कडेला बोट टेकलं, तर कातडीखाली सारखी थरथर लागत होती, जणू आत एखादं पाखरू कोंडलंय. तिनं हात काढला नाही. तिला भीती वाटत होती, आधी वाटत होती तेवढीच. कुशीवरच्या कापाची, लग्नाची, ऑपरेशनच्या मेजावरून न उठण्याची. ती सगळी भीती तिनं पुन्हा एकदा पाहून घेतली. कोणी घाई करत नव्हतं. शिवा समोरच्या भिंतीकडे बघत होता, तिच्याकडे बघून तिच्यावर भार पडू नये म्हणून.

"देते," ती म्हणाली.

"विचार कर आधी."

"केला."

केरळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा एकटीला आत घेतलं. पुन्हा धोके समजावले, घरच्यांनी जोर केला का ते विचारलं, नुसतं विचारून भागेना तेव्हा उलटंसुलटं करून विचारलं. शेवटी तोच जुना प्रश्न आला. सुगंधा म्हणाली, "यस. आय विल." बाई तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी लिहायला घेतलं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. तीन-चार दिवस शिवाचं काही खरं दिसेना, मग किडनीनं काम धरलं. आई दोन मजल्यांवर दोन पोरांच्या खाटांमध्ये जिन्यानं वरखाली करत राहिली. लिफ्टची तिला भीती वाटायची, मुलगा लिफ्टचं काम करत असूनही. सुगंधा शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी होती. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

"पाणी देऊ का गो?"

सुगंधाला वाटलं, आजारपण आहे म्हणून विचारते. पण गावी आल्यावरही ते तसंच राहिलं. भाकर वाढू का. इथे झोपशील का माजघरात. ही साडी तुला चालेल का. पूर्वी आई ताटात वाढून मोकळी व्हायची, अंथरूण टाकून मोकळी व्हायची. शिवाही विश्रांतीला गावी आला होता, त्याला ती अजून हुकूमच सोडायची, 'ऊठ, औषध घे, असा वाऱ्याला बसू नको', आणि तो हसत उठायचा. सुगंधाशी बोलताना मात्र ती आधी क्षणभर थांबायची, शब्द निवडायची. एकदा सुगंधा न राहवून म्हणाली, आये, मला असं नको विचारू, दे की सरळ. आई गोंधळली. "तुलाच नको होतं ना न इचारलेलं?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती शिकत होती, आणि उतारवयात शिकलेलं माणूस जसं नेटानं पाळतं तसं पाळत होती.

सुगंधाची जखम भरल्यावर सुरय्या मॅडम तिला बघायला वाडीवर आल्या. उन्हातून फाट्यापासून चालत आल्या होत्या. आईनं त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. दोघी एका वयाच्या. सुगंधा आत होती, तिला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. आईनं विचारलं, तुम्हीच हिला इंग्रजी शिकवलंत ना. मॅडम हो म्हणाल्या. मग दोघी अंगणाकडे बघत बसल्या, आणि उन्हं उतरल्यावर आई त्यांना फाट्यापर्यंत सोडायला स्वतः गेली.

शिवा मुंबईला परतला, हलकं काम बघून कंपनीतच टेबलावरच्या कामाला लागला. सदू दोन वर्षांनी आला, आला तेव्हा बहिणीच्या पाया पडला, तिला ते आवडलं नाही. फारुकशेठनी सुगंधाच्या हाताखाली आणखी एक मुलगी ठेवली. स्थळं येत होती, परत जात होती; दोन हजार सातपर्यंत तरी काही जमलं नव्हतं, आणि त्याचं तिला आधी वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं. पावसाळ्याआधीच्या दमट सकाळी कधी कुशीत ओढ लागायची. मग ती जरा थांबून हात ठेवायची, आणि पुन्हा आवरायला लागायची.

सकाळच्या एस्टीला ती निघाली की आई अंगणात येऊन उभी राहायची. पूर्वी कधी यायची नाही. कामाला जाणाऱ्या माणसाला निरोप कसला द्यायचा?

"सांजच्याला येशील ना गो?" आई विचारायची.

"येते," सुगंधा म्हणायची, आणि पायवाटेला लागायची. वळणापाशी मागे पाहिलं तर आई तिथेच असायची, एक हात गडग्यावर ठेवून.